शिकाऊ ड्रोनचालकासाठी दोन रिमोटांची जोडणी

भाताच्या चिखलणीसाठी नवा पाडा पहिल्यांदाच जोताला जुंपायचा असला म्हणजे त्याच्या जोडीला दुसरा नवा पाडा कोणी जुंपत नाही. एका बाजूला कसलेला, शिकलेला बैल आणि दुसऱ्या बाजूला पाडा, अशी जोडी केली जाते. जू एकच असते. पाडा बुजला, आडवा शिरला, बांधावर चढू लागला तरी जुना बैल आपली चाल सोडत नाही व नांगर जागेवर राहतो. मोटार शिकविणाऱ्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, त्याचाही हेतू हाच. शिकणाऱ्याने खरोखर काम करावे, मात्र त्याची चूक महागात पडू नये. फवारणीचे ड्रोन आता गावोगाव येऊ लागले असताना ड्रोन शिकविण्यासाठी अशी काही सोय आहे काय, असा प्रश्न मंडणगड तालुक्यातील काही बागायतदारांनी व महिला बचत गटांनी विचारला. अशी सोय आहे आणि ती बरीच जुनी आहे. दोन रिमोट एकमेकांना जोडून एक शिकाऊ चालकाच्या व एक शिक्षकाच्या हाती देणे, ही ती पद्धत होय.

गरज कशासाठी?

केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. देशातील १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवण्यात आले आणि त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अर्थसाहाय्य ठरविण्यात आले. निवडलेल्या सदस्येला १५ दिवसांचे प्रशिक्षण द्यावयाचे असून त्यापैकी ५ दिवस ड्रोन चालविण्याचे व १० दिवस खते-औषधे फवारणीच्या कामाचे आहेत. प्रशिक्षण उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु ते बहुधा सपाट, मोकळ्या मैदानावर होते. तेथून शिकून आलेल्या भगिनीला प्रत्यक्षात काम करावे लागते ते आपल्या डोंगरउतारावर.

मंडणगडची जमीन आपणांस ठाऊक आहेच. पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, त्यावर नाचणी-वरीची वरकस जमीन, मग आंबा-काजूच्या बागा आणि माथ्यावर कातळाचा सडा. बाणकोट, वेळासच्या बाजूस गेले की नारळ-सुपारीची दाट आगरे. सपाट मैदानावर ३ मीटर उंचीवर उडणारा ड्रोन शेवटपर्यंत ३ मीटर उंचीवरच राहतो. उतारावर तसे होत नाही. हवेच्या दाबावरून उंची मोजणारा ड्रोन आडव्या रेषेत सरळ जातो आणि जमीन मात्र वर येत जाते. दर ५ मीटरला १ मीटर चढ असेल तर १५ मीटर पुढे जाताच ती ३ मीटर उंची संपलेली असते. सेकंदाला ४ मीटर वेगाने जाणाऱ्या ड्रोनला याकरिता चार सेकंदही लागत नाहीत. जमिनीपासूनचे अंतर सतत मोजणारे रडार काही ड्रोनमध्ये असते. परंतु त्याच्यावर किती विसंबावे हे चालकाला अनुभवानेच कळते.

अशा वेळी शिक्षक नुसता शेजारी उभा असून भागत नाही. शिकणारा गोंधळला, शिक्षकाने रिमोट हिसकावून घेतला, दांड्यांवर अंगठे ठेवले, ड्रोनचे तोंड कोणीकडे आहे हे ओळखले, एवढ्यात दोन-तीन सेकंद सहज जातात. ३ मीटरवरून सुटलेली वस्तू तर पाऊण सेकंदात जमिनीवर असते. १० लिटर टाकी भरलेला ड्रोन म्हणजे फिरती पाती असलेले, वीसएक किलो वजनाचे यंत्र होय. त्यात औषध असेल तर अपघाताची व्याप्ती आणखी वाढते.

पद्धत कोठून आली?

ही पद्धत विमानांची छोटी मॉडेले उडविणाऱ्या हौशी मंडळींची आहे. आपल्याकडे एन.सी.सी.च्या हवाई शाखेतील छात्र अशी मॉडेले बनवितात व उडवितात. तालुक्यातील कोणी मुलगा त्या शाखेत असेल तर त्याच्याकडून पुष्कळ शिकता येईल. हलक्या लाकडाचे, महिनोन्‌महिने खपून तयार केलेले विमान नवशिक्याच्या हाती देऊन पहिल्याच उड्डाणात मोडून घेणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्यामुळे दोन रिमोट तारेने जोडण्याची युक्ती रूढ झाली. विद्यार्थ्याच्या हातातील रिमोटला हौशी मंडळी ‘बडी बॉक्स’, म्हणजे सोबत्याचा डबा, असे म्हणतात.

जोडणी कशी काम करते?

रिमोटवर दोन दांड्या असतात. बहुतेक ठिकाणी डावी दांडी वरखाली केली की ड्रोन वर-खाली होतो व डावी-उजवीकडे केली की जागच्या जागी वळतो. उजव्या दांडीने तो पुढे-मागे आणि बाजूला सरकतो. अशा चार हालचाली, शिवाय काही बटणे. प्रत्येक दांडीची जागा रिमोट एका सूक्ष्म विद्युत ठोक्याच्या लांबीत मांडतो. दांडी एका टोकाला असेल तर ठोका सुमारे १ मिलिसेकंदाचा, मध्यावर दीड आणि दुसऱ्या टोकाला २ मिलिसेकंदांचा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. सर्व दांड्यांचे व बटणांचे ठोके एकापाठोपाठ एक ठरलेल्या क्रमाने जातात, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा पहिल्यापासून. ही माळ सेकंदाला सुमारे ४५ ते ५० वेळा फिरते. कोणता ठोका कोणाचा, हे केवळ त्याच्या क्रमावरून ओळखले जाते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे ती लागणार आहे.

जोडणीत विद्यार्थ्याचा रिमोट ही माळ हवेत सोडीत नाही. ती तारेतून शिक्षकाच्या रिमोटमध्ये येते. ड्रोनशी बोलतो तो फक्त शिक्षकाचा रिमोट. त्यावर एक ट्रेनर स्विच असतो. आपण त्याला ताब्याचे बटण म्हणू. शिक्षक ते धरून ठेवतो तोपर्यंत त्याचा रिमोट विद्यार्थ्याची माळ पुढे पाठवितो. बोट उचलले की त्याच क्षणी शिक्षकाची स्वतःची माळ सुरू होते. ड्रोनला बिचाऱ्याला यातले काही कळत नाही. त्याच्या लेखी चालविणारा एकच.

या रचनेतील शहाणपण बटणाच्या स्प्रिंगमध्ये आहे. ते दाबून धरावे लागते. शिक्षक दचकला, अडखळला, विंचू दिसला म्हणून हात झटकला, तरी बटण सुटते व ताबा विद्यार्थ्याकडे अडकून न पडता शिक्षकाकडे परत येतो. म्हणून ताब्यासाठी खटका बसून राहणारे बटण नेमू नये. काही रिमोटांत कोणतेही बटण या कामासाठी नेमता येते आणि सोयीचे वाटते म्हणून लोक नेमके बसून राहणारे निवडतात. बोट दुखते ही तक्रार खरी आहे. तरीही दुखू द्यावे.

अलीकडील पुष्कळ रिमोटांत तारेऐवजी बिनतारी जोडणीही करता येते. तार पायात येत नाही हा तिचा फायदा. तत्त्व तेच राहते.

फवारणीच्या तयार ड्रोनबरोबर मिळणाऱ्या, पडदा असलेल्या रिमोटांची गोष्ट मात्र वेगळी असू शकते. त्यांतील सर्वांनाच अशी जोडणी करता येईल असे नाही. काही रचनांत दोन रिमोट थेट ड्रोनशी जोडले जातात आणि कोणाचे ऐकायचे हे ड्रोनमध्येच ठरते. ही रचना वाईट नव्हे, पण ती वेगळी आहे, हे ओळखून खरेदीपूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत. दुसरा रिमोट जोडता येतो काय? शिक्षकाला ताबा एका बोटाने, तत्काळ परत घेता येतो, की पडद्यावर परवानगीची चौकट उघडते? आणि विद्यार्थ्याच्या रिमोटची बॅटरी मध्येच संपली तर ड्रोन काय करतो? उत्तर तोंडी न घेता प्रात्यक्षिकात पाहावे. पडद्यावर ‘होय’ दाबत बसावे लागणारी सोय डोंगरउतारावर निरुपयोगी आहे.

जोडताना होणाऱ्या चुका

पहिली चूक ठोक्यांच्या क्रमाची. काही कंपन्यांच्या रिमोटांत वर-खालीचा ठोका पहिला असतो, तर काहींत तिसरा. दोन वेगळ्या कंपन्यांचे रिमोट जोडले आणि क्रम जुळविला नाही, तर विद्यार्थी ड्रोन वर घ्यायला जातो व ड्रोन बाजूला कलतो. दिशेचेही तसेच आहे. एका रिमोटमध्ये एखादी हालचाल उलटी नोंदलेली असेल तर ‘डावे’ म्हणताना ‘उजवे’ होते. दांड्यांचा मध्यबिंदूही दोन्हीकडे जुळला पाहिजे, नाहीतर ताबा बदलताच ड्रोन हलकेच एका बाजूला वाहू लागतो. शक्यतो एकाच कंपनीचे दोन रिमोट घ्यावेत, म्हणजे यातील बराचसा त्रास टळतो. तारेच्या टोकांतही फरक असतात. पुष्कळ रिमोटांना कानात घालायच्या स्पीकरसारखी ३.५ मिलिमीटरची पिन चालते, काहींना निराळी चौकोनी खोबण असते. बाजारातील कोणतीही तार कापून, पिळून, चिकटपट्टी लावून काम भागवू नये.

जोडणी झाल्यावर तपासणी जमिनीवर आणि पाती काढून करावी. शिक्षकाच्या रिमोटच्या पडद्यावर प्रत्येक हालचालीची पट्टी दिसते. ताब्याचे बटण धरून विद्यार्थ्याने एकेक दांडी हलवावी, शिक्षकाने पट्टी पाहावी. बटण सोडावे, आता विद्यार्थ्याची दांडी हलूनही पट्टी स्थिर राहिली पाहिजे. मग बटण धरलेले असतानाच तार मुद्दाम उपटावी. चांगल्या रिमोटमध्ये ताबा शिक्षकाकडे येतो. तसे झाले नाही तर तो संच शिकविण्यासाठी वापरू नये. या तपासणीला दहा मिनिटे लागतात आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच.

दुसरी चूक माझ्याच हातून झालेली आहे, म्हणून सविस्तर सांगतो. प्रमाणपत्राचे प्रशिक्षण घेऊन आलेल्या, आमच्या तालुक्यातील एका बचत गटाच्या ताई सरावासाठी सड्यावर आल्या होत्या. दोन किलोच्या आतला छोटा ड्रोन, तारेने जोडलेले दोन रिमोट. जोडणी बरोबर होती, क्रम जुळलेला होता. ताई चारएक मीटर उंचीवरून बांधाकडे निघाल्या आणि वळायला उशीर करीत आहेत असे दिसताच मी बटण सोडले. माझ्या रिमोटची वर-खालीची दांडी, मॉडेल विमानांच्या रिमोटवर असते तशी, ठेवाल तेथे राहणारी होती आणि ती मी तळाशी ठेवलेली होती. ड्रोनच्या दृष्टीने त्याचा अर्थ ‘पूर्ण वेगाने खाली ये’ असा होता. त्याने तो हुकूम इमानाने पाळला व तो बांधाच्या जांभ्यावर आदळला. दोन हात मोडले. नुकसान फार नव्हते. परंतु ताई म्हणाल्या, “सर, माझंच चुकलं, मला वळवता आलं नाही.” मी लगेच सांगितले की चूक माझी आहे, दांडी कोठे होती तेही दाखविले. त्यांना ते पटले असे वाटले नाही. पुढचे आठ-दहा दिवस त्या सरावाला आल्या नाहीत. मोडलेला हात बदलता येतो, त्यामुळे मला त्या आठ दिवसांचेच अधिक वाईट वाटते.

तेव्हापासून नियम असा केला आहे की ताबा देताना व घेताना शिक्षकाच्या सर्व दांड्या ड्रोन जागेवर तरंगत राहील अशा स्थितीत असल्या पाहिजेत. उंची आपोआप राखणाऱ्या ड्रोनमध्ये म्हणजे नेमक्या मध्यावर. सोडल्यावर आपोआप मध्यावर येणारी दांडी असेल तर उत्तमच. नसेल तर बटण दाबण्यापूर्वी एकदा खाली पाहावे.

शिकविण्याचा क्रम

दोन रिमोटांच्या जोडणीचा खरा लाभ असा की विद्यार्थ्याला चारही हालचाली एकदम देण्याची गरज नसते. पुष्कळ रिमोटांत कोणती हालचाल विद्यार्थ्याला द्यायची हे निवडता येते. प्रथम फक्त जागच्या जागी वळणे द्यावे. उंची व जागा शिक्षकाकडे. त्यानंतर पुढे-मागे आणि बाजूला सरकणे. वर-खाली शेवटी. पाड्यालाही पहिल्या दिवशी चिखलात घालीत नाहीत, आधी रिकामे जू मानेवर ठेवून फिरवितात.

पहिले धडे कमी उंचीवर द्यावेत असे सर्वांना वाटते, कारण पडला तर कमी लागेल. हा समज चुकीचा आहे. कमी उंचीवर शिक्षकाला सावरायला वेळच मिळत नाही. सुरुवात १० ते १५ मीटर उंचीवर, मोकळ्या जागी करावी व हात बसेल तसे खाली यावे. फवारणीची दोन-तीन मीटर उंची हा शेवटचा धडा आहे.

सर्वांत अवघड जाते ते ड्रोनचे तोंड आपल्याकडे असताना चालविणे. तेव्हा डावे-उजवे उलटे होते आणि अनुभवी माणूसही क्षणभर चकतो. या धड्यात शिक्षकाने ताबा घेण्याची घाई करू नये. विद्यार्थ्याने चुकीकडे दांडी ढकलली, ड्रोन भलतीकडे निघाला, तिने ओळखले आणि उलट ढकलली, एवढे होऊ द्यावे. प्रत्येक चुकीला बटण सोडणारा शिक्षक काहीच शिकवीत नाही. मात्र अंतराची मर्यादा आधी ठरवून ठेवावी: अमुक आंब्याच्या पलीकडे गेला, अमुक उंचीच्या खाली आला की ताबा माझा.

ताब्याची देवघेव बोलून करावी. शिक्षक म्हणतो “घ्या”, विद्यार्थी दांड्यांवर अंगठे ठेवून म्हणतो “घेतला”, मगच बटण दाबावे. परत घेताना “माझ्याकडे” असे म्हणावे. ‘सोड’ हा शब्द आम्ही वगळला आहे, कारण पंख्यांच्या आवाजात ‘सोड’ आणि ‘ओढ’ सारखेच ऐकू येतात. धोका असेल तर अर्थातच आधी ताबा घ्यावा, बोलणे नंतर.

सराव सकाळी लवकर करावा. किनाऱ्याजवळच्या भागात दुपारी खाऱ्या वाऱ्याचा जोर वाढतो. पावसाळा संपल्यावर सड्यावरचे गवत कापून झाले की जागा चांगली मिळते. चरणारी गुरे, विजेच्या तारा आणि बघ्यांची मुले यांपासून दूर राहावे. सुपारीच्या दाट बागेत झाडांच्या आड उपग्रहाचा संकेत कमकुवत होतो व ड्रोन जागा नीट धरीत नाही. तेथे नवशिक्याला नेऊ नये. आंब्याच्या मोठ्या झाडात आतल्या फांद्यांपर्यंत फवारा कितपत पोचतो, हा प्रश्न बागायतदार नेहमी विचारतात. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मोठ्या ड्रोनवर सराव सुरू झाल्यावर टाकीत प्रथम साधे पाणीच भरावे. अर्धी भरलेली टाकी हेलकावते आणि थांबल्यावरही ड्रोनला थोडे पुढे ढकलते. भरलेल्या व रिकाम्या टाकीच्या ड्रोनची चालही वेगळी लागते.

नियमांबाबत

दुसरा रिमोट शिक्षकाच्या हाती आहे म्हणून विनाप्रमाणपत्र व्यक्तीने फवारणीचा ड्रोन चालवावा, असा अर्थ कोणी काढू नये. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे अतिसूक्ष्म ड्रोन आणि व्यापारी कामासाठी नसलेले २ किलोपर्यंतचे ड्रोन यांना चालक प्रमाणपत्राची अट नाही. फवारणीचे १० लिटरचे ड्रोन सर्वसाधारणपणे २ ते २५ किलोच्या वर्गात येतात, त्यांना ती आहे. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण असणे व मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घेणे आवश्यक असते. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. म्हणून गावपातळीवरचा पहिला सराव छोट्या ड्रोनवर आणि मोठ्या ड्रोनवरचा सराव प्रमाणपत्रधारकानेच, असे करावे. आपली जागा हवाई नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे याची खात्री आधी करावी. तेथे कमाल उंची सर्वसाधारणपणे १२० मीटर म्हणजे ४०० फूट आहे. ड्रोनची नोंदणी व त्रयस्थाच्या हानीचा विमा यांकडेही दुर्लक्ष होऊ नये.

प्रत्येक गटाने स्वतःचा जोड-संच घ्यावा असे नाही. छोटा ड्रोन आणि एकाच कंपनीचे दोन रिमोट असा एक संच शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा चार-पाच गटांनी मिळून ठेवला तरी पुरे. त्याच्याबरोबर एक वही ठेवावी. तारीख, किती मिनिटे उडविले, वारा कसा होता, आणि शिक्षकाला किती वेळा ताबा घ्यावा लागला, एवढेच लिहावे. वर उल्लेख केलेल्या ताई पुन्हा येऊ लागल्या तेव्हा पहिल्या दिवशी त्या रकान्यात सात आकडा होता. नंतर चार, पुन्हा पाच, मग दोन. सलग तीन उड्डाणांत शून्य आल्यावर आम्ही तार काढली.

तार काढल्यानंतर शिक्षकाच्या रिमोटमधील ट्रेनरची सोय आठवणीने बंद करावी आणि बटण मोकळे करावे. तोच रिमोट पुढे एखाद्या दिवशी फवारणीला नेला जातो, आणि तेव्हा त्या बटणावर चुकून बोट पडले तर काय होईल, याची परीक्षा भरल्या टाकीवर घेण्याचे कारण नाही.